बाबांचे बॅक्टेरिया

आमच्या घरात खोटं बोलायची वेळ आली की ते काम माझ्याकडे येतं. आईला खोटं बोलताना हसू येतं. धाकट्या भावाचं खोटं तोंड उघडायच्या आधीच त्याच्या कानांवर लाल होऊन दिसतं. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, रोज पन्नास मिनिटं न अडखळता बोलायची मला सवय आहे. म्हणून बाबांच्या मोठ्या आतड्यातली गाठ कॅन्सरची निघाली आणि नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्याच्या जिन्यात आम्ही तिघं उभे राहिलो, तेव्हा आईने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"त्यायले सांगायचं नाही," ती म्हणाली. "माह्या भावाले सांगतलं, अन् त्यानं त्याच दिवशी खाट धरली. तू काही तरी सांग. तुह्यावर इश्वास हाय त्यायचा."

भाऊ जिन्याच्या कठड्याला टेकून मोबाइलकडे पाहत होता. तो मिहानमधल्या एका कंपनीत मॅनेजर आहे, लोकांना समोर बसवून 'उद्यापासून येऊ नका' असं सांगतो. त्याच्या तोंडून इथे एक शब्द निघाला नाही. मला दोघांचाही राग आला, आणि त्या रागातच मी 'बरं' म्हणाले. नंतर लोकांना सांगताना मी 'आईने भरीस घातलं' असं म्हणत असे. ते खरं नाही. मला नाही म्हणता आलं असतं.

बाबांना काहीबाही सांगून भागणार नव्हतं, हीच पंचाईत होती. ते बसगाड्यांच्या वर्कशॉपातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गाडीचा आवाज कशाचा ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि तो ते माणसांनाही लावत. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांच्या कडेवर होते. त्यानंतर आमच्या घरात नवस, गंडा, अंगारा यांना उंबरा ओलांडता आला नाही. 'आधी पाहा, तपासा, मग माना,' हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. दुसऱ्या एखाद्या घरात 'नजर लागली' म्हणून वेळ मारून नेली असती. आमच्या घरातल्या खोट्यालाही शास्त्राचा आधार लागत होता.

तो मी दिला. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते उशीला टेकून बसले होते. मी खुर्ची ओढली आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. आपल्या आतड्यात कोट्यवधी बॅक्टेरिया राहतात, काही कामाचे, काही त्रासाचे. तुमच्या आतड्यात त्रासाचे वाढले, त्यांच्यामुळे गाठ झाली. गाठ काढली. आता उरलेल्यांसाठी गोळ्या.

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे ऑइल खराब झालं होतं, म्हणून पार्ट घासला."

"हो. तसंच."

"मग पार्ट बदलून भागत नाही. ऑइल सुधरवा लागते."

मी मान हलवली. यातलं अर्धं खरंच होतं. काही जातींचे बॅक्टेरिया अशा गाठींच्या आसपास जास्त सापडतात, ते गाठीला हातभार लावतात का यावर जगभर काम चालू आहे. मी ते वाचलेलं होतं, म्हणून तर माझा आवाज हलला नाही. अर्धं खरं फार लवकर पचतं, सांगणाऱ्यालाही.

डॉक्टरांना हे पटलं नव्हतं. "पेशंटला माहीत असलेलं बरं," ते म्हणाले. "गोळ्या घरी घ्यायच्या आहेत. सहा महिने. त्रास होतो, लोक कंटाळतात."

"माझ्या वडिलांना मी ओळखते," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. विदर्भातून रोज येणाऱ्या इतक्या घरांपैकी किती घरं त्यांना हेच सांगत असतील, त्यांनी तरी किती भांडायचं. दारावर इंग्रजीत 'ऑन्कोलॉजी' लिहिलेलं होतं. बाबांनी विचारलं तेव्हा मी 'गाठींचा विभाग' असं सांगितलं. कागदपत्रं इंग्रजीत, फाइल माझ्याकडे. तपासणीला गेलो की रांगेत मी त्यांच्या शेजारून उठत नसे, आणि कुणी गप्पा मारू लागलं की मीच विषय घ्यायची: कुठून आलात, गाडी मिळाली का, तिकडे ऊन कसं आहे.

गोळ्या दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा विश्रांती, अशा आठ खेपा. पहिल्या खेपेतच बाबांचे तळहात आणि तळपाय लाल झाले, दुसऱ्या खेपेत सालं निघायला लागली. चहाचा कप त्यांना फडक्यात गुंडाळून धरावा लागे. पोट सुटलं, तोंड आलं. ते कुरकुरले नाहीत. सकाळी प्रताप नगरच्या आमच्या गॅलरीत बसून मला विचारायचे, "आज किती मेले असतील वं?"

"बरेच, बाबा."

"अन् चांगले?"

"त्यांनाही थोडा मार बसतोच."

हे शेवटचं उत्तर मी का दिलं? कारण ते खरं होतं, आणि खरं बोलायची संधी मिळाली की मी तेव्हा अधाशासारखी तिच्यावर तुटून पडत होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला लाज वाटते. ते दिवस मला आवडत होते. मी काय शिकवते हे बाबांनी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. 'जंतूंची प्रोफेसर' एवढं त्यांना पुरत असे. आता ते रोज प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न असे की माझ्या एम.एस्सी.च्या मुलांनी लाजावं. एका रविवारी मी कॉलेजातला जुना मायक्रोस्कोप घरी आणला, दह्याची स्लाइड जांभळ्या रंगाने रंगवली आणि त्यांना दाखवली. एक डोळा मिटून ते बराच वेळ वाकून बसले.

"शेवया," ते म्हणाले. "तुटलेल्या शेवया. हे तर हलून नाही राहिले."

"हे मेलेले आहेत, बाबा. आणि जिवंत असते तरी हे हलत नसतात."

"मग जागेवर बसून एवढं काम करतात?" त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर कौतुक होतं. "आमच्या ऑफिसात असे पाह्यजे होते."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवून घ्या आता. त्यायलेही भूक लागली असंल." आम्ही तिघंही हसलो. बाहेरून पाहणाऱ्याला आमचं घर सुखी वाटलं असतं, आणि ते होतंही.

अळंबीची पूडही मीच आणली. औषधी म्हणून विकली जाते ती, बुरशीच्या दोन-तीन जातींची वाळवून केलेली. तिच्यातले काही घटक आपल्याला पचत नाहीत, ते थेट मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या चांगल्या बॅक्टेरियांचं अन्न होतात. प्रयोगशाळेत, उंदरांवर, आशा वाटावी असं काही काही दिसलेलं आहे. एकदोन देशांत अळंबीचा अर्क केमोच्या सोबत देतातही. सोबत, ऐवजी नाही. हे मला नीट माहीत होतं. पण बाबांना मी सांगितलं ते एवढंच: "हे चांगल्या बॅक्टेरियांचं खाद्य आहे. कोमट पाण्यातून रोज घ्या."

त्यांनी पुडी उघडून वास घेतला आणि एकदम भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावी पोचले. "टेकोड्यायचा वास हाय हा." वारुळावर उगवणाऱ्या रानातल्या अळंब्यांना आमच्याकडे टेकोडे म्हणतात. आजी त्यांची भाजी करायची, आणि ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी घरात मटण मागायची कुणाची हिंमत नव्हती, असं ते म्हणाले. "हे औषध हाय हे मायले मालूम असन काय?" त्यांनी पूड ढवळून प्यायली आणि ओठ पुसले. दवाखान्यातून मिळालेल्या कुठल्याही वस्तूकडे त्यांनी अशा मायेनं पाहिलं नव्हतं.

चौथ्या खेपेपर्यंत बाबा सुधारले. तळहातांची सालं निघायची थांबली, पोट बांधलं गेलं, ते दोन पोळ्यांवरून तीनवर आले. सकाळी कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ लागले. आई म्हणाली, "पाह्य, सांगतलं नाही म्हणून हे दिवस दिसले." डॉक्टर म्हणाले, गोळ्या मानवल्या. मीसुद्धा तेच म्हणाले. मी, जी वर्गात मुलांना ओरडून सांगते, की औषधाचा बरा-वाईट कुठलाच परिणाम दिसेनासा झाला तर आधी औषध पोचतंय का ते बघा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही आईची आवडती म्हण. ती तिने माझ्यासाठीच राखून ठेवलेली आहे.

आठ खेपा संपल्या. महिन्याभराने स्कॅन झाला आणि दोन दिवसांनी आम्ही रिपोर्टसाठी धंतोलीला गेलो. भावाला सुट्टी नव्हती, आई घरी होती. सकाळचे अकरा वाजले असतील. हॉल भरलेला होता: डबे, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्या फायली, पुसद-वणी-गोंदियाकडून आलेली माणसं. रिपोर्ट पलीकडच्या इमारतीतून आणायचा होता. बाबा म्हणाले, "जा ना, मी काय पळून जातो?" मी गेले. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारून उठले.

रिपोर्ट मी तिथेच, काउंटरजवळ उभी राहून वाचला. यकृतात ठिकठिकाणी गाठी. किती ते मोजलेलं नव्हतं, 'अनेक' असं लिहिलं होतं. मी तो पुन्हा वाचला आणि मग पाकिटात घातला. रस्ता ओलांडताना एका ऑटोवाल्याने मला शिवी घातली, ती रास्तच होती.

हॉलमध्ये शिरले तर बाबा रंगात आले होते. शेजारी चाळिशीचा एक माणूस होता, यवतमाळकडचा, बसचा कंडक्टर. बसवाला भेटला म्हणून बाबा खूश. त्या माणसाच्या मांडीवर फाइल होती आणि फाइलवर त्याचे दोन्ही हात उताणे ठेवलेले. तळव्यांची सालं निघालेली, बोटांच्या पेरांवर भेगा. मी ते हात ओळखले. बाबांचे हात असेच झाले होते.

"तिकीट फाडता येत नाही, काका," तो सांगत होता. "डेपोत बसवलं मले. कॅन्सर म्हटल्यावर लोकं हातचं तिकीटही घेत नाहीत."

"अबे, कॅन्सर कोनं सांगतला तुले?" बाबा म्हणाले. "तुह्या गोळ्या दाखव." त्याने पाकीट दाखवलं. बाबांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "याच. याच होत्या मले. गोळ्या एकच, तर बिमारी एकच. अन् मले कॅन्सर नाही, बॅक्टेरियाची बिमारी हाय. माही पोरगी या विषयाची प्रोफेसर हाय, तिनं सगळं समजावून सांगतलं. डॉक्टर लोकायले एवढं सांगाले टाइम नसते, म्हणून एक शब्द फेकून देतात."

त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तो उजळला, असं म्हणणं कमी होईल. महिनोन् महिने कुणी छातीवर पाय देऊन उभं असावं आणि ते खाली उतरावं, तसा तो श्वास त्याने घेतला.

"मग या गोळ्या?" त्याने विचारलं.

"तेच सांगून राहिलो. या गोळ्या चांगले-वाईट दोन्ही मारतात. पोरीनं स्वतः सांगतलं. मी तिसऱ्या खेपेपासून बंद केल्या. नुसती अळंबीची पूड घेतो. हात पाह्य माहे." बाबांनी आपले तळवे त्याच्या तळव्यांशेजारी धरले. साफ, नवी कातडी. "पोट पाह्य. तीन पोळ्या खातो."

"घरी काही म्हणत नाहीत?"

"घरी नाही सांगतलं गा. पोरीनं एवढ्या मेहनतीनं चालू केल्या, तिच्या मनाले लागंल. रोज पाकिटातून काढतो अन् संडासात टाकतो."

कंडक्टरने वरच्या खिशातून पेन काढलं आणि फाइलच्या कोपऱ्याचा कागद फाडला. "काका, त्या पुडीचं नाव लिहून द्या."

बाबा लिहू लागले. मी दोन पावलांवर उभी होते. हातात रिपोर्ट. बाबांना पुढे पाठवून त्या माणसाला बाजूला घेता आलं असतं, हे मला तेव्हाही सुचलं. पण त्याने माझं का ऐकावं? मी एक घाबरलेली बाई, आणि त्याच्यासमोर एक ठणठणीत म्हातारा, साफ हातांचा. बाबांनीच आयुष्यभर शिकवलं होतं, पाहा आणि मग माना. त्याने पाहिलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "तुमाले कॅन्सरच हाय."

हा आवाज माझा नव्हता, इतका बारीक आला. त्यांनी मान वर केली. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा खोटं बोलले असते. गाठ कॅन्सरची होती. गोळ्या कॅन्सरच्या होत्या. बॅक्टेरियाचं मी सांगितलं, आईने सांगायला लावलं, नाही, मीच सांगितलं. या माणसाने गोळ्या सोडायच्या नाहीत. पूड खायची तर डॉक्टरला विचारून, गोळ्यांच्या सोबत.

"अन् त्या पाकिटात काय हाय?" बाबांनी विचारलं.

"यकृतात गेला आहे."

आजूबाजूची माणसं आमच्याकडे पाहत होती आणि न पाहिल्यासारखं करत होती. बाबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. अर्धंच नाव लिहून झालं होतं. त्यांनी तो कागद फाडला, तुकडे शर्टाच्या खिशात टाकले आणि पेन कंडक्टरला परत दिलं.

"गोळ्या खा," ते त्याला म्हणाले. "सालं निघाली तर निघू दे. मी सांगतलं ते ऐकू नको. मले मालूम नव्हतं."

तो माणूस रडायला लागला. त्याला काय वाटलं असेल! अर्ध्या तासात त्याचा कॅन्सर गेला आणि परत आला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आमचा नंबर येईपर्यंत तो काढला नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. नंतर तो कंडक्टर आम्हाला दिसला नाही, त्याच्या तारखा आणि आमच्या तारखा पुन्हा जुळल्या नाहीत.

डॉक्टरांना मी आत गेल्या गेल्या सगळं सांगितलं. गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हेही विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, गोळ्या घेऊनही काहींना परत येतो. दया म्हणून म्हणाले असतील. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

ऑटोत बाबा बाहेर पाहत बसले. घराजवळचं वळण आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी घाबराल म्हणून."

"घाबरलो असतो," ते म्हणाले. "घाबरून गोळ्या तरी खाल्ल्या असत्या."

त्यात राग नव्हता. बिघाड सापडल्यावर सांगतात तसं त्यांनी सांगितलं. मी रडले, ऑटोवाला आरशातून बघत होता तरी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

पुढे इंजेक्शनं झाली, पाच महिने गेले. त्यांनी मला बॅक्टेरियांचा एकही प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांना विचारायचे, भावाला मोबाइलवर शोधायला लावायचे, फाइल स्वतःजवळ ठेवायचे आणि शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचे. मी काही सांगू लागले की ऐकून घेत, आणि मग म्हणत, "बरं. डॉक्टरले विचारतो." आई चिडायची, की पोरीचा जीव तुटतो अन् तुम्ही असं काय करता. ते काही करत नव्हते. मला शिक्षा द्यावी असं त्यांच्या मनातही नव्हतं. गाडीचा एखादा काटा चुकीचं दाखवतो हे एकदा कळलं की कुणी त्याच्यावर रागावत नाही, नुसतं त्याच्याकडे बघणं सोडतं.

शेवटच्या आठवड्यात ते पुन्हा धंतोलीलाच भरती होते. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. एका दुपारी नर्स सलाइन बदलत असताना त्यांनी तिला विचारलं, "किती दिवस उरले, सिस्टर?" ती गोंधळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, त्यांचा हात धरून बसले होते.

मी वाकले आणि म्हणाले, "बाबा, दोन-तीन दिवस. जास्त नाही."

त्यांनी माझा हात सोडला नाही. पण मान नर्सकडेच होती, आणि तिलाच त्यांनी विचारलं, "हे खरं सांगून राहिली काय?"